गल्लीतले बाल्टी गुरू

दारात गंगा असताना माणूस पाण्यावरून भांडतो, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी सांगलीची. पाणी वाचवा म्हणून आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. आम्ही दर दोन-चार वर्षांनी पुराच्या पाण्यापासूनच पळून माळ्यावर बसलेली माणसं. त्यामुळे बँकेने बदली करून बनारसला पाठवलं तेव्हा मला भीती होती ती उन्हाळ्याची, माकडांची आणि हिंदीची. पाण्याचा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

खोली मिळाली दूधविनायक नावाच्या मोहल्ल्यात, एका मराठी कुटुंबाकडे. घरमालक गुरुजी होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा, अभिषेक करायचे. सात-आठ पिढ्या तिथेच गेलेल्या. मराठी घरात बोलायचे, पण त्या मराठीत ‘परेशान’, ‘पता’, ‘फालतू’ ही मंडळी बिनभाड्याने राहत होती. सत्तरीचे, किडकिडीत, कमरेला पंचा आणि खांद्यावर दुसरा पंचा. तो दुसरा पंचा कशासाठी, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. कुठेही पाणी सांडलं की ते त्याने टिपायचे आणि तो योग्य त्या बादलीत पिळायचे.

पहिल्या सकाळचीच गोष्ट सांगते. डिसेंबरची थंडी, हाडं गोठवणारी. मी गीझर लावला आणि गरम पाणी येईपर्यंत नळ सोडून ठेवला. आपण सगळेच तसं करतो की नाही? तर खालच्या चौकातून हाक आली. “ताई! ते गार पाणी कुठं चाललंय?”

मी हबकले. अगं बाई, या माणसाला कसं कळलं? मग लक्षात आलं, न्हाणीघराच्या मोरीला पाइप जोडून तो खाली एका ड्रममध्ये सोडलेला होता आणि गुरुजी ड्रमापाशी उभे राहून आवाज ऐकत होते.

“गुरुजी, मी आंघोळ करतेय!” मी आतून ओरडले.

“करा, करा! पण आधीचं साफ पाणी लाल ड्रममध्ये पडतंय. निळी बादली ठेवलीय ना कोपऱ्यात? ते तिच्यात धरा!”

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! भाडं देते, वर मोरीतून हजेरी? कपडे घालून तरातरा खाली गेले, भांडायच्याच तयारीने. काकूंनी (म्हणजे गुरुजींच्या पत्नीने) माझ्या हातात आल्याचा चहा ठेवला आणि म्हणाल्या, “बसा हो ताई. मला सप्तपदीत सात पावलं चालवली, तेव्हा दर पावलाला एकेक बादली आहे हे कुणी सांगितलं होतं? चाळीस वर्षं झाली. तुम्हाला तर आजचा पहिलाच दिवस.”

मग खुद्द गुरुजींनी समोर बसून मला तीन पाण्यांचा धडा दिला. निळ्या बादलीत पहिलं पाणी. म्हणजे तांदूळ-डाळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, आणि ते पाणी शुद्ध करायचं मशीन असतं ना, ते एक तांब्या प्यायला देतं आणि दोन तांबे नळीतून फेकून देतं, ते फेकलेलं. हे सगळं गच्चीवरच्या झाडांना. पिवळ्यात दुसरं, हात-पाय धुतल्याचं, बिनसाबणाचं. ते फरशी आणि जिना पुसायला. लालमध्ये तिसरं, साबणाचं. ते संडासात. “पाणी बिचारं एकदाच येतं घरात,” गुरुजी म्हणाले. “त्याला लगेच हाकलून काय द्यायचं? पाहुणा आला तर चार दिवस ठेवून घेतो ना आपण?”

“पण गुरुजी, दारात एवढी गंगा आहे.”

“आहे ना. म्हणून काय तिला मोरी करायची?”

 तरी मी महिनाभर रागारागाने निळी-पिवळी-लाल करत होते आणि आईला फोनवर सांगत होते की घर बदलणार. दुसऱ्या महिन्यात बँकेत एक शिपाई कप विसळत होता, तर मी त्याला म्हटलं, “भैया, वो पानी मनीप्लांट में डाल दो.” म्हटलं आणि जीभ चावली. पण झालं ते झालं.

गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं बाल्टी गुरू. बनारसमध्ये कुणालाही गुरू म्हणतात, पानवाल्यालाही, रिक्षावाल्यालाही, त्यामुळे त्यात मान किती आणि थट्टा किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. गुरुजी दोन्ही मान असंच धरून चालायचे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे शेजारच्या लॉजच्या एसीचं. त्या लॉजला गल्लीच्या बाजूने चार एसी. उन्हाळाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर टपटपायचे. गुरुजींनी एक दिवस शिडी लावली, चारही नळ्यांना पाइप जोडला आणि तो आपल्या ओट्यावरच्या बादलीत सोडला. संध्याकाळी लॉजचा मालक तणतणत आला.

“गुरुजी, बिना पूछे पाइप लगा दिये? पानी तो हमारा है!”

“तुम्हारा है?” गुरुजी एकदम हरखले. “अरे वाह! तो ले जाओ भैया. रोज दो बाल्टी होता है. हम तो सोच रहे थे किसका है, बेचारा लावारिस टपक रहा है.”

गल्लीतली माणसं हसायला लागली. मालक दोन दिवस खरोखरच माणूस पाठवून बादल्या घेऊन गेला, हट्टाने. तिसऱ्या दिवशी त्याला कंटाळा आला. पुढे त्याच पाण्यावर गुरुजींनी गल्लीच्या तोंडाशी मोगरा वाढवला, आणि मालक येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा की हा आमच्या एसीचा मोगरा आहे. गुरुजींनी कधी हरकत घेतली नाही.

त्यांचा खरा झगडा होता तो निर्माल्याशी. यजमान आले, पूजा झाली, श्राद्ध झालं की हार, फुलं, बेल, दूर्वा सगळं परडीत भरून गंगेत सोडायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणि रीत मोडायला सांगणारा खुद्द भटजीच! एकदा रविवारी मी त्यांच्याबरोबर दशाश्वमेधावर गेले होते. बार्शीकडच्या एक आजी होत्या, चांगल्या ठसकेबाज. त्या परडी उचलून निघाल्या पाण्याकडे.

“आजी, थांबा,” गुरुजी म्हणाले. “गंगेला तुमचा नमस्कार पोचतो. हार नाही पोचत. हार जातो आणि तिकडे पुढच्या घाटाच्या पायरीला अडकून कुजतो.”

“मग काय परत बार्शीला नेऊ?” आजी कडाडल्या. “चार पैसे खर्चून आलेय मी इथवर.”

गुरुजींनी परडी हातात घेतली, गुडघाभर पाण्यात उतरले, मंत्र म्हणून परडी तीनदा गंगेत बुडवली आणि तीनदा वर काढली. पाणी निथळू दिलं. “झालं विसर्जन. तिला स्पर्श झाला ना? आता हे माझ्या घरी.”

आजींनी हात जोडावेत की कपाळावर मारून घ्यावा, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी जोडले, पण तोंडाने पुटपुटतच. मग गुरुजींनी त्यांना घरी आणलं, गच्चीवर चढवलं. गच्चीवर सहा ड्रम. निर्माल्य, वाळका पाला, शेण, वर पोत्याचं झाकण. शेवटच्या ड्रममधलं काळंभोर खत त्यांनी आजींच्या तळहातावर ठेवलं. आजींनी हुंगलं. शेतकऱ्याच्या घरातली बाई, तिला काय सांगायचं? “वासच नाही की हो याला,” त्या म्हणाल्या, आणि मग खाली बसून त्यांनी गुरुजींनाच दहा मिनिटं शिकवलं की ड्रमला खाली भोकं कमी आहेत. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी भोकं वाढवली.

चहाच्या टपरीवरचे फेकलेले कुल्हड, म्हणजे मातीचे कप, ते गोळा करून आणायचे. फुटके कुंडीच्या तळाला, धड असतील त्यांत तुळशीची रोपं. प्रत्येक यजमानाला गंगाजळाच्या गडूबरोबर कुल्हडातली एक तुळस. महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाडीत मांडीवर कुल्हड सांभाळत बसलेला म्हातारा दिसला, की समजावं हा आमच्या गुरुजींकडचा.

एवढं सगळं होतं, पण घरातल्या घरात गुरुजींचं चालायचं नाही ते एका माणसापुढे. त्यांची मुलगी वैदेही. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. हुशार, धारदार, रागावली की मराठी सोडून हिंदीत जाणारी. एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. तिला एक मुलगा आवडला होता. रेल्वेत इंजिनीअर, नाशिकचा, बनारसला बदली होऊन आलेला. दोघांचं ठरलं होतं. पण मुलाला वडील नव्हते, आईने एकटीने वाढवलेला, आणि त्याने वैदेहीला स्वच्छ सांगितलं होतं की आई मनापासून हो म्हणाली तरच. आई रविवारी घर बघायला येणार होती.

“ताई, याआधी दोन ठिकाणांहून नकार आलाय,” वैदेही म्हणाली. “एका बाईंनी तर आमच्याकडे हात धुतले, तेवढ्यात बाबांनी खाली बादली सरकवली. त्यांनी नंतर निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण घर जरा विचित्र आहे. तेव्हा मला काही वाटलं नाही, तो मुलगा मला नकोच होता. पण हा हवाय हो मला.” आणि ती चक्क रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. 

त्या रात्री जेवताना तिने वडिलांपुढे मागणी ठेवली. “बाबा, सिर्फ़ एक दिन. रविवारी घरात बादली दिसणार नाही. आणि पाण्याबद्दल एक अक्षर नाही. प्लीज़.”

गुरुजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “शब्द दिला.”

रविवारी सकाळी त्यांनी स्वतः तिन्ही बादल्या नेऊन गच्चीवरच्या खोलीत ठेवल्या. पाणी शुद्ध करायच्या मशीनची नळी बेसिनमध्ये सोडली. खांद्यावरचा पंचाही काढून ठेवला, आणि इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत बसले. वैदेहीने मला त्यांच्या शेजारी नेमलं होतं. “बोलायला लागले की चिमटा काढा.” घरमालकाला चिमटा काढायची परवानगी मिळालेली बनारसमधली मी एकटीच भाडेकरू असेन.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा मला बघताक्षणी आवडला. शांत, थोडा लाजरा, वैदेहीकडे न बघण्याचा प्रयत्न करणारा. आई नऊवार नव्हे, पण कडक पाचवार, चष्म्यातून सगळं घर न्याहाळणारी. बोलायला सरळ. मामा मोबाइलवर. त्या मामांनी आल्याआल्या बेसिनपाशी जाऊन नळ पूर्ण सोडला आणि हात धूत-धूत फोनवर कुणाला तरी रस्ता समजावून सांगायला लागले. स्टेशनपासून! गोदौलिया चौक आला, गल्ली आली, नळ चालूच. गुरुजींच्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. ओठ हलायला लागले. मी चिमटा काढला. त्यांनी माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

जेवणं झाली. श्रीखंड, मसालेभात, कटाची आमटी. काकूंच्या हाताला चव अशी की आईंनी आमटी दोनदा मागून घेतली. सगळं अगदी छान चाललं होतं. आईंचा गुडघा दुखत होता म्हणून वैदेही म्हणाली, “काकू, उठू नका, मी इथंच हात धुवायला देते.” तिने तांब्या आणि तस्त आणलं, हळूच पाणी घातलं. आई कौतुकाने बघत होत्या. मला वाटलं, जमलं हो. वैदेही तस्त घेऊन उठली, चार पावलं चालली, स्वयंपाकघराच्या दाराशी डाव्या हाताला वळली आणि तस्त उपडं केलं.

तिथे बादली नव्हती.

तिला कळायला लागल्यापासून तिथे पिवळी बादली होती. पोरीच्या हाताला तीच जागा माहीत. पाणी सपकन फरशीवर पडलं आणि मसालेभाताची दोन शितं घेऊन थेट बैठकीत आलं. मामांनी पाय वर घेतले. आईंनी साडी उचलली. 

उठले ते गुरुजी. तोंडातून अक्षर नाही. आत गेले, फडकं आणलं, खाली बसले आणि त्या सांडलेल्या पाण्याने बैठकीची फरशी पुसायला लागले. नुसतं टिपून घेतलं नाही हो, चांगली पुसून काढली, पार कोपऱ्यापर्यंत, मामांच्या खुर्चीखालूनसुद्धा. दिलेला शब्दही पाळला आणि पाणीही वाया जाऊ दिलं नाही. माझे चिमट्याचे हात मांडीवर तसेच राहिले. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, पण मोरी तर तिकडे आहे ना?” आई म्हणाल्या. “इथे का ओतलंस?”

वैदेही लालबुंद झाली होती. चुकून सांडलं म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. ती एकदा मुलाकडे बघून घेत होती, एकदा फरशी पुसणाऱ्या वडिलांकडे. मग तिने तस्त खाली ठेवलं.

“इथे बादली असते, काकू. आज मी लपवायला लावली.” आणि तिने सगळं सांगितलं. निळी, पिवळी, लाल. निर्माल्याचे ड्रम, एसीचं पाणी, मोरीखालचा ड्रम. सुरुवातीला आवाज कापत होता. नंतर नंतर ती अशी तडातडा बोलायला लागली की मला वाटलं, गुरुजीच बोलतायत. “माझे बाबा विचित्र नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “मला त्यांची लाज वाटायला नको होती. ती वाटली, त्याची मला आता लाज वाटतेय.”

गुरुजींचं फडकं थांबलं होतं. मान खालीच होती.

आईंनी चष्मा सारखा केला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “हे बघ बाळ, आमच्याकडे तुला यातलं काही करावं लागणार नाही. आमच्या घराला बोअर आहे, वर दोन टाक्या आहेत. पाणी भरपूर.”

बाई वाईट नव्हत्या. सुनेला सुख देऊ करत होत्या. पण वैदेही सावकाश म्हणाली, “पण काकू, मी करीन. भरपूर असलं तरी करीन.”

झालं! मी मनात म्हटलं, आता उठतात ही माणसं. आमच्या घरच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. मामांनी घड्याळ बघितलं. आणि तेवढ्यात तो मुलगा, जो सकाळपासून चार वाक्यांपलीकडे बोलला नव्हता, तो आपला अर्धा भरलेला पेला घेऊन उठला. गुरुजींपाशी गेला आणि विचारलं, “काका, हे प्यायचं उरलेलं आहे. हे कुठल्या बादलीत?”

गुरुजींनी मान वर केली. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलेलं दिसत होतं. पण शब्द दिलेला! त्यांनी लेकीकडे पाहिलं. “बोलू का गं?”

“बोला, बाबा,” वैदेही म्हणाली. बोलता बोलता रडत होती आणि हसतही होती.

इकडे काकू केव्हा उठल्या आम्हाला कळलंच नाही. चाळीस वर्षं त्या बादल्यांच्या नावाने बोटं मोडणारी ती बाई जिना चढून वर गेली आणि दोन्ही हातांत तिन्ही बादल्या घेऊन धापा टाकत खाली आली. बैठकीच्या मधोमध, पाहुण्यांपुढे, ओळीने मांडल्या.

गुरुजींनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या. पेल्यात डोकावून पाहिलं. आता ते पुरते भटजी झाले होते, सोवळ्या-ओवळ्याचा निवाडा करणारे. “आधी एक सांगा,” ते गंभीरपणे म्हणाले. “तोंड लावून प्यायलात, की वरून?”

“तोंड लावून,” मुलगा ओशाळून म्हणाला.

“मग उष्टं झालं. पिवळी.”

मुलाने पिवळ्या बादलीत पेला रिकामा केला.  आई चष्म्यातून बादल्यांकडे बघत होत्या, मग मुलाकडे, मग वैदेहीकडे. शेवटी त्यांनी ताटाशेजारचा आपला पेला उचलला, त्यात किती पाणी आहे ते बघितलं, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

“अहो गुरुजी,” त्या म्हणाल्या, “मी वरूनच पिते हो नेहमी. माझं निळीत ना?”

पत्रिका त्यानंतर आठवड्याने जुळवल्या.